सही न करणारा खासदार

भाऊ पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आले तेव्हा ते कोणीच नव्हते. खासदार सोडाच, त्यांच्या गावाबाहेर कोणी त्यांना नावानेही ओळखत नव्हतं. बीटी कापूस आमच्या भागात येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तहसीलच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसायचे आणि लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. टाइपरायटर वडिलांचा. ते कारकून होते, निवृत्तीनंतर तिथे बसू लागले, आणि ते गेल्यावर त्यांच्या जागी मी बसले. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई दिवसभर पुरुषांच्या गर्दीत उघड्यावर बसते, हे बुलढाण्यातल्या आमच्या गल्लीला रुचलं नव्हतं. माझ्या भावाला तर मुळीच नाही. तो हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचा आणि मी त्याच्याच घरी राहत होते.

त्या दिवशी एक चाळिशीचा माणूस समोर उभा राहिला. खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी. म्हणाला, "बाई, अर्ज करायचा हाय. कृषीच्या साहेबाले."

मी कागद चढवला आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणत टाइप करायला लागले, "महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की..."

"थांबा. विनंती कायची?"

"अर्जात विनंतीच असते, भाऊ."

"मी काई मांगून नाई राह्यलो. माह्या वावरात पऱ्हाटीवर अळी पडली. साहेबानं येऊन पाहाव, थ्ये त्याचं कामच हाय. तुमी लिहा, 'कळवतो की'."

इतक्या वर्षांत त्या शब्दापाशी मला कोणी अडवलं नव्हतं. मी कागद काढला, दुसरा चढवला आणि 'कळवतो की माझ्या शेतातील कपाशीवर अळी पडली आहे' असं टाइप केलं. शेवटी सवयीने 'कृपया' पडलं, तेही त्यांनी खोडायला लावलं. ते अर्ज घेऊन आत गेले. अर्ध्या तासाने शिपाई मला बोलवायला आला. "साहेब विचारून राह्यले, हे टाइप कोनं केलं."

साहेब तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले. वाईट माणूस नव्हता तो, कंटाळलेला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "हा अर्ज आहे की नोटीस?"

मी काही बोलायच्या आत भाऊंनी पिशवी त्यांच्या टेबलाच्या काचेवर उलटी केली. हिरवी बोंडं गडगडत फायलींपर्यंत गेली. भाऊंनी एक उचललं, अंगठ्याने फोडलं आणि साहेबांपुढे धरलं. आत कापूस नव्हताच. कुजका, काळपट लगदा आणि त्यात वळवळणारी अळी.

साहेब खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "बीटीवर ही अळी येत नाही. पाकिटावर छापलंय तसं."

"मंग अळीनं पाकीट वाचलं नसन, साहेब."

दारात उभे असलेले लोक हसले. साहेबांचे कान लाल झाले. म्हणाले, "सध्या पाहणीला गाडी नाही. नंतर बघू."

"बरं. मी अठीच बसतो," असं म्हणून भाऊ व्हरांड्यात खाली बसले आणि एकेक बोंड फोडून कागदावर अळ्या मांडू लागले. दुसऱ्या कामांना आलेले लोक तिथे थांबायला लागले. बघता बघता कोणी म्हणालं, माझ्याकडेही हेच आहे. दुसऱ्या दिवशी चार-पाच गावांची माणसं पिशव्या घेऊन आली. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि झाडूवाल्या बाईने सरळ सांगून टाकलं की हा कचरा मी उचलणार नाही, साहेबांनी उचलावा.

तिसऱ्या दिवशी देऊळघाटचे चाचा आपली जुनी जीप घेऊन आवारात आले. त्यांचं गाड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. भाऊंचे आणि त्यांचे वडील शेजारशेजारच्या वावरात राबलेले, त्यामुळे ही दोस्ती लहानपणापासूनची. चाचा आत गेले आणि म्हणाले, "साहब, गाडी नहीं थी ना? मैं लाया." साहेबांना उठावंच लागलं. मलाही भाऊंनी जीपमध्ये बसवलं. म्हणाले, कागदावर काय लिहितात ते वाचणारं कोणी संगतीला पाहिजे.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वहिनी उभ्या होत्या, भाऊंच्या घरच्या. कमरेला पदर खोचलेला, हातात विळा. साहेबांनी भाऊंना प्रश्न विचारले आणि उत्तरं वहिनींनी दिली. कोणत्या तासात, म्हणजे ओळीत, अळी आधी दिसली, कधी फवारलं, काय फवारलं, त्यानंतर किती दिवस पाऊस नव्हता. भाऊ मध्येच बोलायला गेले तर म्हणाल्या, "तुमी कचेरीत बसेल होते. मले मालूम हाय."

पाहणी झाली. साहेबांच्या सहायकाने पंचनाम्याचा छापील कागद पुढे केला. सगळे रकाने रिकामे. "इथे सही करा, आम्ही ऑफिसात भरून घेऊ."

"कोऱ्यावर?" भाऊ म्हणाले.

"सगळेच करतात."

"करत असतीन. मी नाई करत."

मग धुऱ्यावर बसूनच पंचनामा भरला गेला. मी वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, 'वेळेवर फवारणी न केल्याने नुकसान'. वहिनी एकदम उसळल्या. "माह्या हाताचा वास घ्या, साहेब. आजून औषध जाऊन नाई राह्यलं." साहेब ओळ बदलायला तयार झाले नाहीत. तेव्हा भाऊंनी माझा पेन मागितला, त्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'हे खोटं हाय, मले मान्य नाई', आणि त्याच्या खाली सही केली. साहेबांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. फाडला मात्र नाही.

त्या वर्षी भरपाई कोणालाच मिळाली नाही, हेही सांगायला हवं. पण भाऊंनी लिहिलेली ती ओळ गावोगाव फिरली. लोक भाऊंना बोलवायला लागले. अधिकारी येणार असला की आदल्या दिवशी निरोप यायचा, आणि चाचांची जीप भाऊंना घेऊन जायची. बऱ्याचदा मीही असायचे. भाऊ भाषण करत नसत. पंचनामा होईपर्यंत धुऱ्यावर बसायचे आणि सही करायच्या आधी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्यायचे, बस. त्यातूनच लोकांनी त्यांना जिल्हा परिषदेत पाठवलं. तिथेही बैठकीचं इतिवृत्त वाचल्याशिवाय ते सही करत नसत, म्हणून त्यांच्यामुळे बैठका लांबायच्या आणि इतर सदस्य घड्याळाकडे बघत कुरकुरायचे.

लोकसभेचं तिकीट मात्र कोणाच्या प्रेमामुळे मिळालं नाही. एका पक्षाला आमच्या मतदारसंघात उमेदवारच मिळत नव्हता. जागा हरणारी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे मोठी मंडळी एकेक करून आजारी पडली. दोन पुढारी भाऊंच्या ओसरीवर आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी शेतकऱ्यांविषयी खूप चांगलं बोलून घेतलं. भाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे पडायसाठी मानूस पायजे तुमाले."

पुढारी गडबडले. "तसं नाही भाऊ, पक्षाची इच्छा..."

"उभा राह्यतो. पन भाषन माह्यं मी करन. तुमचा कागद वाचनार नाई."

प्रचार चाचांच्या जीपमधून झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोदपासून ते खाली साखरखेर्ड्यापर्यंत. एका टोकाची बोली दुसऱ्या टोकाला थोडी वेगळी वाटते, पण कापसाचं बोलणं सगळीकडे सारखंच होतं. मी त्यांच्यासाठी एक चांगलं भाषण लिहून दिलं होतं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि निकाल लागेपर्यंत काढलं नाही. जळगाव जामोदच्या बाजारात सभा चालू असताना एक व्यापारी ओरडला, "तुमाले इंग्रजी येते काय? दिल्लीत काय बोलसान?"

भाऊंनी उलट विचारलं, "आतापर्यंत ज्याईले इंग्रजी येत होतं त्याईले पाठवलं. थ्ये काय बोलले, सांगा बरं?"

 मग मागून एकाने टाळी वाजवली आणि ती सगळीकडे पसरली. व्यापारीही हसला. पुढे त्यानेच चहा पाजला, आणि मत कोणाला दिलं ते कधी सांगितलं नाही.

भाऊ निवडून आले. फार मतांनी नाही, पण आले. सर्वात जास्त धक्का त्यांच्या पक्षाला बसला.

चार दिवसांनी ते म्हणाले, "बाई, दिल्लीले चला. कागद वाचनारं मानूस लागते मले." खासदाराला स्वीय सहायक ठेवता येतो, ती जागा ते मला देत होते. मी घरी सांगितलं. भाऊ, म्हणजे माझा सख्खा भाऊ, जेवता जेवता ताटावरून उठला. "परक्या माणसाबरोबर दिल्लीला? लोक काय म्हणतील? आणि तो तिथे बोलणार काय? त्याचं बोलणं ऐकून मराठी माणसाची मान खाली जाईल." मला वाटलं होतं बोलावं, पण बोलले नाही. ज्याच्या घरी राहतो त्याच्याशी भांडायला बळ लागतं, ते तेव्हा माझ्यात नव्हतं. मी भाऊंना नाही म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आमच्या दारात उभ्या. एकट्या, एसटीने आलेल्या. माझ्या भावाने त्यांना खुर्ची दिली, त्या जमिनीवर बसल्या. पाणी प्यायल्या आणि त्याला म्हणाल्या, "मास्तर, बाई त्याईच्या संग नाई चालल्या. माह्या कामानं चालल्या. मले वावर सोडून जाता येत नाई, आन त्याईच्यावर तठी लक्ष ठेवाले माह्यं मानूस पायजे. कोनाले काई म्हनायचं असन तर माह्यापाशी या म्हना."

माझा भाऊ म्हणाला, "तसं नाही हो वहिनी, जग..."

"जग माह्या वावरात तन निंदाले येत नाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "पेटी भर वं."

मी पेटी भरली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी आजवर कोणाला घाबरत होते ते मलाच नीट माहीत नव्हतं.

दिल्लीत आम्हाला खासदार निवासात दोन खोल्या मिळाल्या. पुढची खोली ऑफिस, तिथे माझं टेबल. मी महिलांच्या वसतिगृहात राहायचे आणि सकाळी सातला हजर व्हायचे, कारण सातला वहिनींचा फोन यायचा. 'पात्या गळून राह्यल्या, आता फुलं कायची येतीन?' 'खालच्या पट्टीतलं बी निंघालंच नाई, पाकीट फोडलं तर वास येऊन राह्यला.' 'शेजारच्याले दुकानदारानं दुसरंच बी मारलं गळ्यात.' भाऊ उभ्या उभ्या ऐकायचे, पाठकोऱ्या कागदावर लिहायचे, आणि मी त्याचे सभागृहात विचारायचे प्रश्न तयार करायचे. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की भाऊंच्या नावावर जाणारे निम्मे प्रश्न वहिनींचेच आहेत. मी तसं म्हटलं तर ते अजिबात ओशाळले नाहीत. "हाव, मंग? वावर थ्येच पाह्यते. तिचं नाई इचारू तं कोनाचं इचारू?"

सभागृहात मराठीतून बोलता येतं, आधी कळवावं लागतं, म्हणजे दुभाषी हजर राहतो. भाऊंनी पहिल्याच भाषणासाठी तसं कळवलं. दुभाषी गृहस्थ सभ्य होते, पण महाराष्ट्र सोडून त्यांना खूप वर्षं झाली होती. त्यांनी भाषणाची प्रत मागितली. मी शुद्ध मराठीत लिहिलेली प्रत दिली. आणि भाऊ उभे राहिले ते आपल्याच बोलीत.

मी वर प्रेक्षकांच्या सज्जात कानाला यंत्र लावून बसले होते. भाऊ सांगत होते, "माह्या वावरातली पऱ्हाटी कमरीएवढी हाय, पन बोंडात कापूस नाई, कवडी हाय. कास्तकारानं इचारलं तं म्हंतात तूच फवारलं नाई..." माझ्या कानात दुभाष्याचा आवाज आला, "माननीय सदस्य कह रहे हैं कि..." आणि बंद झाला. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, वावर म्हणजे शेत, कास्तकार म्हणजे शेतकरी, आणि न फुलता चिकटून वाळलेला कापूस म्हणजे कवडी, हे त्या बिचाऱ्याच्या हातातल्या कागदावर कुठेच नव्हतं. खालचे सदस्य यंत्रं काढून हलवून बघायला लागले. आपल्याच राज्यातले एक सदस्य हसत म्हणाले, "अहो, मराठीत बोला!"

भाऊ त्यांच्याकडे वळले. "मराठीतच बोलून राह्यलो. तुमाले समजत नसन तं तुमची मराठी कमी हाय."

वेळ संपली आणि त्यांना खाली बसावं लागलं. एका वर्तमानपत्राने 'खासदारांचं हसं' असं छापलं. माझ्या भावाचा फोन आला, "सांगितलं नव्हतं?" त्या वेळी मात्र मी गप्प बसले नाही. म्हटलं, "तू तीस वर्षं मराठी शिकवलीस, कवडी म्हणजे काय ते तुला तरी माहीत आहे का?" त्याने फोन ठेवला. दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही.

तरी संध्याकाळी मी भाऊंना म्हटलं, "हिंदीत बोला ना. तुम्हाला चांगली येते."

"येते. चाचाच्या संगतीत वाढलो, न याले काय झालं? पन हिंदीत बोललो तं आपलं बोलनं खालचं हाय हे मीच कबूल केलं असं होते."

पण ते नुसते अडूनही बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन दुभाष्यांना खोलीवर घेऊन आले. चहा झाला. मी शब्दांची यादी केली, भाऊंनी एकेक शब्द हातवारे करून समजावला. डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, सांगताना तर खोलीभर वाकून चालून दाखवलं. दुभाषी वहीत लिहून घेत होते. जाताना म्हणाले, "माझे आजोबा अकोल्याकडचे होते. वावर हा शब्द मी लहानपणी ऐकलाय. मी विसरलो होतो." पुढच्या भाषणात माझ्या कानातला आवाज एकदाही बंद पडला नाही.

चौथ्या वर्षी बियाण्यांच्या एका कायद्याचा मसुदा समितीपुढे आला, आणि भाऊ त्या समितीत होते. मसुद्यात असं होतं की बी खराब निघालं तर ते खराब होतं हे शेतकऱ्याने सिद्ध करायचं. भाऊंचं म्हणणं साधं होतं. पेरलेलं बी जमिनीत गेलं, ते तो कुठून आणून दाखवणार? बी चांगलं होतं हे विकणाऱ्याने सिद्ध करावं. बैठकांमागून बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत ते हेच बोलले. सगळे मान डोलवायचे आणि अहवालात ते यायचं नाही.

अंतिम अहवाल सहीला आला त्या दुपारी त्यांच्याच पक्षाचे एक मोठे नेते आमच्या खोलीवर आले. मला बाहेर जायची खूण केली. भाऊ म्हणाले, "बाई अठीच राह्यतीन. त्या वाचतात."

नेते बसले. "भाऊ, अहवाल एकमताने जायला हवा. वरची तशी इच्छा आहे. तुमचा मुद्दा पुढे कधीतरी घेऊ."

"पुढं म्हंजे कधी?"

"बघू. तुम्ही एकट्याने वेगळं मत लिहून होणार काय? अहवाल तर जाणारच."

"जाऊ द्या. माह्यं नाव लावून नका जाऊ देऊ."

नेत्यांनी आवाज खाली आणला. "वर्षभरात निवडणूक आहे. तिकिटं कोण वाटतं, माहिती आहे ना?"

"मालूम हाय. मागच्या खेपेले पडायसाठी देल्लं होतं. या खेपेले नका देऊ."

ते गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, नक्की?" त्यांनी वहिनींना फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून म्हणाले, "थ्ये म्हंते, मले कायले इचारता, सही करसान तं घरी येऊ नका." आणि हसले. पण खासदारकी त्यांना आवडायला लागली होती, हे मला माहीत होतं. का आवडू नये? लोक उठून उभे राहत होते, त्यांचं ऐकत होते. ते सोडणं सोपं नव्हतं आणि त्यांनी तसं भासवलंही नाही.

आम्ही दोघांनी मिळून असहमतीचं पत्र लिहिलं. दीड पान. भाऊ सांगत गेले, मी टाइप करत गेले, आणि या वेळी मी एकही शब्द शुद्ध केला नाही. ते पत्र अहवालाच्या शेवटी छापलं गेलं. मूळ अहवालावर त्यांची सही नाही.

तो मसुदा नंतर मागे पडला आणि आमच्या डोळ्यांदेखत बासनात गेला. तिकीट अर्थातच कापलं. भाऊ अपक्ष उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर आले. पक्षाची मतं गेली हे तर होतंच, पण आमच्या बाजूचे कितीतरी लोकही म्हणाले, भाऊ चांगला, पण चांगल्या माणसाचा उपयोग काय? हे त्यांच्या तोंडावर म्हणणारेही होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी गावी गेले, तर ते वावरात वखर घेऊन होते. मला म्हणाले, "वाईट वाटून राह्यलं बाई. खोटं कायले बोलू. पन लाज नाई वाटून राह्यली."

मी परत तहसीलबाहेर बसले, आता टाइपरायटरऐवजी कम्प्युटर घेऊन. भावाचं घर मी सोडलं होतं. एक खोली घेतली होती. त्याचं माझं बोलणं पुन्हा सुरू झालं, आणि एकदा तो आपणहून म्हणाला की नववीच्या वर्गात त्याने फळ्यावर वऱ्हाडी शब्द लिहून मुलांकडून अर्थ मागवले. मुलं हात वर करून करून थकली नाहीत म्हणे. त्याने कधी माफी मागितली नाही, पण मला ते पुरलं.

मग ते वर्ष आलं ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीने सगळ्यांचंच वावर खाल्लं. बीटी म्हणून विकलेली पऱ्हाटी शिवारच्या शिवार पोकळ बोंडं घेऊन उभी राहिली. पंचनाम्यांना माणसं कमी पडत होती, अर्ज टाइप करायला माझ्याकडे रांगा लागत होत्या. साखरखेर्ड्याच्या बाजूला एका पंचनाम्याला मी गेले होते. तिथे एका म्हाताऱ्या बाईपुढे सहायकाने कोरा कागद धरला. ती म्हणाली, "अगुदर भर. कोऱ्यावर सही करत नसतेत." मी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाली, "कोन कशाला सांगतंय? आमच्याकडं असंच असतंय." भाऊंचं नाव तिने कधी ऐकलंही नव्हतं.

त्यानंतरच्या जिल्हा परिषद निवडणुकीत भाऊंच्या गावचा गट महिलांसाठी राखीव झाला. ज्या पक्षाने भाऊंचं तिकीट कापलं होतं, त्याच पक्षाची माणसं ओसरीवर आली. बोलायला लागली भाऊंशी, "वहिनींना उभं करा, काम तुम्हीच बघाल."

भाऊ म्हणाले, "मले कायले सांगता? थ्ये तठी बसेल हाय."

वहिनी सरकी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उभी राह्यतो. पन तुमच्या पक्षाकडून नाई. आन काम मी पाह्यन. त्याईनं वावर पाहाव. लय दिवस झाले, त्याईच्या हातची पऱ्हाटी सुधरून नाई राह्यली."

पुढारी कपात चहा तसाच ठेवून गेले. वहिनींनी अपक्ष अर्ज भरला. सभा घेतली नाही, बायकांबरोबर वावरावावरातून फिरल्या. चाचांनी जीप देऊ केली तर म्हणाल्या, "जीप वावरात नाई घुसत, भाऊजी." निवडून आल्या, तेही भाऊंना लोकसभेला त्या गटात मिळाली होती त्यापेक्षा जास्त मतं घेऊन. हे त्यांनी भाऊंना एकदा ऐकवलं, मग पुन्हा काढलं नाही. भाऊ मात्र स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले.

वहिनींच्या पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी भाऊंच्या गावी गेले होते; तिथून आम्ही चौघं चाचांच्या जीपमधून बुलढाण्याला आलो. सभागृहात कर्मचाऱ्याने वहिनींच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांडली होती. माजी खासदारांसाठी. निवडून आलेल्या बाईचा नवरा शेजारी बसून कारभार बघतो, ही पद्धतच पडून गेली होती, आणि तो बिचारा मान द्यायला म्हणून करत होता. वहिनींनी त्या खुर्चीकडे बघितलं.

"हे कोनासाठी?"

"साहेबांसाठी, मॅडम."

"साहेब निवडून नाई आले, मी आली. उचल थ्ये."

तो भाऊंकडे बघायला लागला. भाऊ म्हणाले, "उचल बावा. माह्याकडं नको पाहू." आणि दुपट्टा झटकून बाहेर आले. मी आणि चाचा मागोमाग निघालो. समोरच्या टपरीवर आम्ही बाकड्यावर बसलो, चाचांनी तीन चहा सांगितले. सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या. थोड्या वेळाने आतून वहिनींचा आवाज आला, स्पष्ट, सगळ्यांच्या वर, "मागच्या बैठकीचं मोठ्यानं वाचा. घाई कायची हाय? मले काई आज खुरपाले जायाचं नाई."

आत कोणीतरी वाचायला लागलं. भाऊंनी चहा बशीत ओतला आणि कान तिकडे लावून बसले.